सांडग्याचा डोळा

दार उघडलं आणि वरदाला आधी दिसलं ते नरसाळं. कोट अडकवायच्या हुकवर, आत्याच्या मरून शालीशेजारी, ते पारदर्शक प्लास्टिकचं नरसाळं निवांत लटकत होतं. जणू तेही आत्ताच बाहेरून फिरून आलंय आणि आता चहा पिणार आहे. नरसाळं हा आत्याचा शब्द. व्हेट त्याला कॉलर म्हणाली होती, वरदा कोन म्हणायची, पण सांडग्याच्या गळ्यात ते पहिल्यांदा बघून मधुमतीआत्या कपाळावर हात मारून म्हणाली होती, “अगं बाई, हे तर रॉकेल ओतायचं नरसाळं!” आणि मग घरात तोच शब्द रुजला. सांडगा हे नावही तिनंच दिलेलं, पुण्याहून इथे आली होती तेव्हा, दोन ट्रिपांपूर्वी. पगचं पिल्लू, तपकिरी, चुरमडलेलं, उन्हात वाळत घातल्यासारखं. दुसरं काय म्हणणार? एवढ्या सगळ्या गोष्टींना आत्यानं नावं दिली होती की त्या आपोआप तिच्याच मालकीच्या होऊन बसल्या होत्या. पण नरसाळं हुकवर असेल तर सांडग्याच्या गळ्यात काय आहे? शाळेची बॅग खांद्यावरून घसरून कोपरात अडकली आणि वरदा तशीच उभी राहिली. हॉलच्या टोकाला सांडगा होता. शेपटीचं वेटोळं हलवत, डावा गाल कार्पेटवर दाबून, गालानंच जमीन पुसत, मजेत, घुर्र घुर्र करत तो तिच्याकडे येत होता. गाल म्हणजे डोळाच. पगला गाल आणि डोळा वेगळे देऊन ठेवायला देवाकडे जागाच उरली नव्हती.

तिनं त्याला उचललं नाही. हात बसमधले होते. आधी खालच्या बाथरूममध्ये जाऊन तिनं ते धुतले, बोटांच्या फटी, अंगठ्याची मागची बाजू, मनगट, आणि धुताना आरशात स्वतःकडे बघितलं. टाय सैल, केस उडालेले, चेहरा कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा. तिला तो चेहरा आवडला. हल्ली आवडायचा. सप्टेंबरपर्यंत आरशातली मुलगी नेहमी काहीतरी विचारत असायची, मी इथे उभी राहू ना, चालेल ना. मग एक दिवस हजेरी घेताना सरांनी गेल्या चार वर्षांसारखंच तिचं नाव चावून चावून वेगळंच काहीतरी केलं आणि तिच्याच तोंडातून आलं, नो, इट्स वरदा. सगळा वर्ग वळला. सर म्हणाले, ओह, सॉरी, वरदा. बस. आभाळ कोसळलं नाही. त्या दिवशी घरी येताना तिला हसूच आवरेना. इतकं सोपं होतं? हे असं लोक रोज करतात? मग तिनं ते इतरत्रही करून बघितलं, कँटीनमध्ये, बसमध्ये, हॉकीच्या टीममध्ये. नवीन बूट घालून साउथहॅम्प्टनभर मिरवावं तसं ती आपलं ‘नाही’ घेऊन फिरत होती. फक्त घरात ते अजून नेलं नव्हतं. घरात बूट दाराशीच काढायचे असतात.

डोळ्याचं झालं होतं ते कॉमनवर, गावातल्या मोठ्या मोकळ्या रानात. तिथल्या ब्लॅकबेरीच्या जाळीत सांडगा खारीमागे घुसला आणि एक डोळा मिटून बाहेर आला. व्हेट मेगन कार्डिफची, वाक्याचं शेपूट वर उचलून बोलणारी. तिनं केशरी कागदाची पट्टी ओली करून त्याच्या डोळ्याला लावली, खोलीतला दिवा बंद केला आणि निळा टॉर्च धरला. अंधारात सांडग्याच्या डोळ्यात एक हिरवा ठिपका पेटला. हायलाइटरनं कुणीतरी तिथे खूण करून ठेवावी, हे महत्त्वाचं आहे, परीक्षेला येणार, तसा. बाबा तेव्हा बाहेर फोनवर होते, हॉस्पिटलशी. म्हणून मेगननं सगळं वरदालाच सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. हा अल्सर. बुबुळावरची कातडी इथे गेलीय. जखम छोटी आहे, ती भरेल. पण तोवर ते उघडं दार आहे आणि आपलं काम म्हणजे दारातून कुणाला आत येऊ न देणं. औषधाआधी हात धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवायचा, एका पुसण्याला एक कापूस, तोच परत फिरवायचा नाही. बाटलीचं टोक डोळ्याला, केसाला, बोटाला, कशाला लागता कामा नये, नाहीतर औषधाची बाटली जंतूंची बाटली होते. कॉलर काढायची नाही, त्यानं कितीही नाटक केलं तरी. आणि मी दिलेल्या थेंबांशिवाय दुसरं काही घालायचं नाही, स्टेरॉइड असलेलं तर अजिबात नाही, त्यानं जखम भरायची थांबते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. आणि शिरले आत तर? वरदानं विचारलं होतं. तर डोळा वितळू शकतो. वितळू. आइसक्रीम वितळतं, मेणबत्ती वितळते. तो शब्द वरदा घरी घेऊन आली आणि मॅथ्सच्या पेपरमध्ये, हॉकीच्या मैदानावर, तो मधूनच तिच्या जिभेवर येत राहिला.

स्वयंपाकघरात थालीपिठाचा खमंग वास आणि धूर होता. आत्या ओट्याशी उभी होती. बोटं पिठात आणि हिरव्या मिरचीत, उजव्या हातातली पोवळ्याची अंगठी कांद्याच्या रसानं चमकत होती. बाहेर चारलाच अंधारलेलं. बंदरावरून कुठलं तरी मोठं जहाज निघताना भोंगा देत होतं, तो खिडकीच्या काचेत घुमला. आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक मेगननं दिलेली. दुसरी बुटकी, पांढरी, निळ्या झाकणाची.

“आलीस? हात धुऊन घे, गरम गरम वाढते.”

“आत्या, हा बाटली कोणी उघडला?”

“हा बाटली नाही गं, ही बाटली.”

“ही बाटली,” वरदा म्हणाली. “ही बाटली कोणी उघडली?”

आत्यानं तव्यावरचं थालीपीठ उलटलं. “मीच. अगं, दोनदा-तीनदाच घातलेत. आज सकाळी, काल दुपारी, बहुतेक परवा. ते नरसाळं घालून बिचाऱ्याचं तोंड वाडग्यात जाईना. भिंतींना आपटत होता. मला बघवेना. म्हटलं, एकदाचं काय ते आपलं औषध घालू, दोन दिवसांत मोकळा होईल. तुझ्या बाबाचे डोळे आले होते बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी, तेव्हा हेच घातले होते. मुंडावळ्या बांधेपर्यंत चकाचक!”

ही बाटली ज्या पिशवीतून आली ती पिशवी वरदा जन्मापासून ओळखत होती. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सामानात, चकलीची भाजणी आणि साड्यांच्या मधे, एक झिपवाली पिशवी असायची. पोटाचं, तापाचं, दाताचं, डोळ्याचं. इथे जीपीची, फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस बरा तरी होतो नाहीतर सवय तरी होते, असं आई म्हणायची. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर लोक हळूच विचारायचे, तुमच्याकडे ते डोळ्याचं आहे का हो? आणि डबे, पुस्तकं फिरावीत तशा बाटल्या या घरातून त्या घरात फिरायच्या. गंमत म्हणजे अशी पिशवी बाळगणाऱ्यांतले निम्मे डॉक्टर. खुद्द तिचे बाबा, डॉक्टर परीक्षित, हॉस्पिटलात रोज माणसांना भूल देणारे. वरदानं बाटली उचलून बल्बखाली धरली. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी होती. एक नाव अँटिबायोटिकचं. आणि त्याच्या खाली, तिला वाचता येऊ नये म्हणूनच जणू घडीत दबलेलं, डेक्सामेथासोन. केमिस्ट्रीत ती काही हुशार नव्हती. पण शेवटचं ‘सोन’ बघून तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि फोनवर शोधलं तर होतंच ते. स्टेरॉइड.

आणि तेव्हाच घशात ती चव आली. कडू, धातूसारखी. ती आठ वर्षांची होती, पुण्यात, काकांच्या लग्नात डोळे आलेले, आणि दिवाणखान्यात सगळ्यांच्या समोर बाबांनी तिची मान मागे वाकवून, अंगठ्यानं पापणी खेचून थेंब सोडले होते. डोळ्यात घातलेलं औषध घशात कडू उतरतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं आपण आतून फुटलोय, डोळा फुटून घशात आलाय. ती थुंकली होती, रेशमी परकरावर. आणि सगळे हसले होते. इंग्लंडची नाजूक बाहुली! तिथल्या भावंडांतला अपूर्वदादा आठवडाभर तिला बघितलं की थुंकल्याची नक्कल करायचा. ती काय म्हणाली होती तेव्हा? सॉरी. कुणाला म्हणाली होती, कशाबद्दल, ते आठवत नव्हतं. पण शब्द आठवत होता, आणि तो म्हणताना घशात कडवट होतं ते. सॉरी कडू असतं असं तिला कित्येक वर्षं वाटत आलं होतं.

ती खाली बसली. सांडग्याचा जबडा तळव्यात धरून तिनं त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं. काल डोळा लाल होता, ओला होता, पण काळा होता. आज त्यावर निळसर साय धरली होती. कोपऱ्यात पाणी नव्हतं, पिवळट, चिकट, तार येणारं काहीतरी होतं. सांडगा तिच्या मनगटाला चाटत होता. त्याला काय, तो खुश होता, नरसाळ्यातून सुटला होता.

“बाबांना फोन कर,” आत्या म्हणाली. आता तिचा आवाज जरा उतरला होता. पण फोनची गरज पडली नाही. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत बाबा आतच आले, वासानं खुश, थालीपिठाचा तुकडा मोडून तोंडात टाकत. “काय झालं? मीटिंग भरलीय का जमिनीवर? सरक, बघू दे मला.” आणि त्यांनी तोच हात सांडग्याच्या डोळ्याकडे नेला. गाडीचा, किल्लीचा, लोण्याचा हात.

“बाबा, हात.”

“काय?”

“हात धुवा आधी.”

बाबांचा हात सांडग्यापाशी थांबला. वरदाला उन्हाळ्यातला तो दिवस आठवत होता. शाळेच्या वर्क एक्स्पीरियन्ससाठी ती बाबांच्या हॉस्पिटलात गेली होती आणि काचेपलीकडून तिनं त्यांना सिंकशी बघितलं होतं. कोपरानं नळ सोडून, नखांपासून कोपरापर्यंत, घाई न करता, पूजेला बसलेल्या माणसासारखे ते हात धूत होते. मग ओले हात छातीपुढे वर धरून पाठीनं दार ढकलून आत गेले. तिला इतका अभिमान वाटला होता की नाकात झिणझिण्या आल्या होत्या. म्हणजे बाबांना हात धुता येत होते. फक्त ते हात हॉस्पिटलातच ठेवून ते घरी यायचे.

“वरू, मी डॉक्टर आहे.”

“माणसांचे,” वरदा म्हणाली. “आणि माणसांसाठी धुता. मी बघितलंय.”

आत्यानं गॅस बंद केला. बाबांच्या कपाळावरची शीर, जी रागावण्याआधी दिसते, ती दिसली. वरदानं बुटकी बाटली पुढे केली. बाबांनी लेबल वाचलं. एकदा, मग चष्मा वर करून परत. मग त्यांनी सांडग्याच्या डोळ्याकडे बघितलं, आणि शीर गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते वरदाला जास्त नको होतं. बाबा घाबरले होते. “चला,” ते म्हणाले. “क्लिनिक बंद व्हायच्या आत पोचू.”

गाडीत आत्या मागे बसली, मांडीवर शालीत गुंडाळलेला सांडगा आणि गळ्यात परत नरसाळं. ती त्याच्या कानामागे खाजवत होती. आई ऑफिसच्या कामासाठी ब्रिस्टलला गेली होती. तिचा फोन गाडीच्या स्पीकरवर आला. सगळं ऐकून घेतल्यावर ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, “वरू, ऐक ना. तिथे आत्याचं नाव नको काढूस हं. ड्रॉप्सचं पण नको. बाबांना किती ऑकवर्ड होईल, ही इज अ कन्सल्टंट. सांगा की कोन निघाला आणि त्यानं रब केलं. ते काय खोटं आहे का?”

खोटं नव्हतंच. वरदानं खिडकीबाहेर बघितलं. ओल्या रस्त्यावर बसचे दिवे लांबत होते. या घरात खोटं कधीच कुणी बोलत नसे. फक्त खरं कापून, सालं काढून, बाहेरच्यांना चालेल एवढंच वाढलं जाई. आत्याचा घटस्फोट ‘ती पुण्यातच रमली’ असा वाढला गेला होता. वरदाचं गेल्या वर्षीचं रडणं, शाळेत न जाणं, ‘व्हायरल’ म्हणून. तेव्हा तिला वाटलं होतं, बरंय, कुणाला कळलं नाही. आणि मग वाटलं होतं, कुणालाच कळलं नाही. ब्लेझरच्या खिशात तिचा हात त्या बुटक्या बाटलीवर होता. प्लास्टिक गरम झालं होतं. उकरून उकरून लेबलचा एक कोपरा सुटला होता. सांगितलं नाही तर काय होईल? मेगन तेच थेंब परत देईल, कोन ठेवा म्हणेल, उद्या बघू म्हणेल. आणि उघड्या दारातून जे आत शिरलंय ते रात्रभर आपलं काम करत राहील, आणि आम्ही सगळे शेजारी बसून सभ्यपणे थालीपीठ खाऊ.

मेगननं दिवा बंद केला. निळा टॉर्च. हिरवा ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. कडा विरलेल्या, मध्ये खळगा, पाण्यात रंग पसरावा तसं. टॉर्च तसाच धरून मेगननं विचारलं, माझ्या थेंबांशिवाय दुसरं काही गेलंय का डोळ्यात?

अंधारात बाबांचा श्वास ऐकू आला. “वेल,” ते म्हणाले, त्यांच्या हॉस्पिटलच्या आवाजात, “द कोन केम ऑफ, ॲण्ड ही वॉज रबिंग...”

“येस,” वरदा म्हणाली.

तिनं बाटली टेबलावर ठेवली. स्टीलवर टक् असा आवाज झाला. सगळं सांगितलं. कोणते थेंब, कुठून आणले, आज सकाळी, काल दुपारी, बहुतेक परवाही. हात न धुता, टोक पापणीला लावून, कारण आमच्याकडे तसंच घालतात. कोणी, ते नाही सांगितलं. म्हणाली, आम्ही घातलं. ते ‘आम्ही’ तिच्या मनात आधी नव्हतं. बोलता बोलता तेच तोंडून आलं. आत्याला इंग्लिश तोडकंमोडकंच यायचं, पण टेबलावरची बाटली कुठल्या भाषेत बोलते ते तिला कळलं असावं. तिनं शालीचं टोक तोंडाशी धरलं.

दिवा लागला. वरदानं तयारी केली होती, भुवया उंचावण्याची, सुस्काऱ्याची, ‘तुम्ही लोक’ असं म्हणणाऱ्या नजरेची. मेगन बाटली डोळ्यांजवळ धरून वाचत होती. “थँक यू,” ती वरदाला म्हणाली, अगदी साधेपणानं. हे कळलं नसतं तर मी उद्यापर्यंत वाट बघितली असती. वाट बघायला आता वेळ नाही. आणि ती कामाला लागली. डोळ्यातल्या चिकट पाण्याचा नमुना, नवे, जास्त कडक थेंब, आणि सांडग्याच्या पायातून थोडं रक्त. ते यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि तेच त्याच्या डोळ्यात घालायचं, वितळणं थांबवायला. त्याचंच रक्त त्याच्याच डोळ्यात. पण ते पाणी नासायला वेळ लागत नाही, मेगन म्हणाली. फ्रिजमध्ये, बंद, कशाला न लागता. दिवसभर तासातासाला. परवा परत दाखवायचं. वाचेल का, बाबांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज आता कुठल्याही हॉस्पिटलचा नव्हता. आता तसा चान्स आहे, मेगन म्हणाली. आता, हा शब्द तिनं जरा दाबून म्हटला.

परतताना बाबांनी वायपर सुरू केले. मग म्हणाले, “तिच्यासमोर माझी लाज काढायची काही गरज नव्हती, वरदा.”

पूर्ण नाव. म्हणजे लागलं होतं. तिच्या जिभेच्या टोकाशी तो जुना, कडू शब्द आला, सवयीनं, पाळलेल्या मांजरासारखा. तिनं त्याला आत येऊ दिलं नाही.

“लाज तुमची, बाबा,” ती म्हणाली. “डोळा त्याचा.”

मागून आत्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. की हसल्याचा, ते कळलं नाही.

घरी आल्यावर वरदानं फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला. इडलीचं पीठ, लिंबाचं लोणचं, आईचं अर्धं चीज, सगळं खाली. कप्पा साबणानं पुसला आणि त्या पिवळ्या पाण्याची इवलीशी बाटली स्वच्छ डब्यात, मधोमध उभी केली. आत्या आपल्या खोलीत गेली होती, दार लावून. “मला काय कळतंय इथलं,” एवढंच म्हणाली होती जाताना, “मी आपली अडाणी.” सहा महिन्यांपूर्वीची वरदा त्या दाराबाहेर जाऊन आधी रडली असती. आजची वरदा दोनदा ठकठक करून म्हणाली, “आत्या, उद्या मला शाळा आहे. मॉक्स आहेत, सराव परीक्षा. बाबांना ऑपरेशन थिएटर आहे. दिवसभर थेंब तूच घालणार आहेस. बाहेर ये, मी शिकवते.”

आतून आलं, “माझ्यावर विश्वास आहे का तुझा?”

“हात धुतलेस तर आहे.”

कडी निघाली. डोळे सुजलेली आत्या आली, पदर खोचून, लढाईला निघाल्यासारखी, आणि सिंकशी उभी राहिली. बाबाही आले, न बोलावता. त्यांनी बाह्या कोपरावर सारल्या. “असं नाही, ताई,” ते म्हणाले, “आधी तळवे, मग फटी. अंगठा विसरायचा नाही, सगळेच विसरतात,” आणि ते दाखवू लागले, घाई न करता. वरदा दाराला टेकून बघत राहिली. हॉस्पिटलातले हात, थालीपिठाच्या वासात, घरच्या नळाखाली. नाकात झिणझिण्या आल्या. तिनं त्या कुणाला दाखवल्या नाहीत.

“झाले,” आत्यानं दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले, पंगतीत बसण्याआधी पोरं धरतात तसे. “बघ बाई. पास का नापास?”

“अंगठी.”

“ही मंगळाची आहे. ही मी अंघोळीला पण काढत नाही.”

“तिच्याखाली मिरची आहे, आत्या. कांदा आहे.”

“ती नाही निघायची.”

“मग थेंब पण नाही घालायचे.”

आत्यानं भावाकडे बघितलं. भावानं नळाकडे बघितलं. मग आत्यानं बोटाला साबण चोळला, दात ओठावर दाबून अंगठी फिरवली, पिळली, ओढली, आणि ती निघाली. खाली पांढरी, सुरकुतलेली, किती तरी वर्षं उजेड न बघितलेली कातडी होती. आत्या त्या पट्ट्याकडे बघतच राहिली. अंगठी बशीत वाजली. तिनं बोट परत धुतलं.

सांडगा वरदाच्या मांडीवर होता. एक कापूस, एकदा, फेकला. दुसरा कापूस, एकदा. आत्याचा हात वरून आला, बाटलीचं टोक कशालाच न लागता हवेत थांबलं. टोकाशी एक थेंब जमत होता, फुगत होता. वरदानं खाली वाकून सांडग्याच्या मुडपलेल्या कानाशी तोंड नेलं.

“घशात कडू लागेल हं,” ती त्याला म्हणाली. “पण ते औषधच असतं. तू फुटलेला नाहीस.”

आणि मग आत्याला म्हणाली, “सोड.”